कोनाड्यातलं भिरंडेल

आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या डाव्या अंगाला भिंतीत एक कोनाडा आहे. नवं घर बांधताना गवंडी म्हणाला, आता कपाटं असतात, कोनाडा कशाला? मी हट्टाने ठेवून घेतला, कारण जुन्या घरात तो तिथेच होता. त्यात तीनच वस्तू असतात. काचेच्या बरणीत मलम, नारळाच्या करवंटीत थिजवलेला भिरंडेलाचा गोळा, आणि पुढ्यात बरणीला टेकवलेला तळहाताएवढा आरसा. बरणीबद्दल आणि गोळ्याबद्दल गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात कोणी विचारत नाही. आरसा बघून मात्र नवी माणसं थबकतात. त्या आरशाची हकीकत सांगायची आहे, पण ती भिरंडेलावाचून सांगता येणार नाही, म्हणून आधी तेच.

भिरंड म्हणजे कोकमाचं फळ. सालीची सोलं होतात, रसात मीठ घालून आगळ होतं आणि बियांचं होतं ते भिरंडेल. घाटावरच्या माझ्या मैत्रिणी कोकमतेल म्हणतात, सिंधुदुर्गात मुठेल म्हणतात. नाव तेलाचं असलं तरी ते वाहत नाही. पांढुरकं, किंचित पिवळसर, मेणासारखं कडक. नखाने खरवडलं की पापुद्रा निघतो आणि तो दोन बोटांत चोळत राहिलं की विरघळून कातडीत जिरतो. खोबरेल चोविसेक अंशांना पातळ होतं, भिरंडेलाला चाळिशीच्या आसपासची ऊब लागते. म्हणून मे महिन्याच्या उकाड्यातही गोळा गोळाच राहतो.

माझं माहेर पेडण्याचं. तिथे भिरंडेल विकतचं यायचं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून, पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या सामानात. सुकं मासळं, मिरच्या, चिंच, सोलं आणि एका कोपऱ्यात पानात गुंडाळलेले अंड्याएवढे दोन गोळे. आईला कैलास जीवनचीही सवय होती, ती डबी देवघराशेजारी असायची. पण थंडीत टाचा फुटल्या की ती गोळाच काढायची. रात्री निजताना चमच्यात तुकडा घ्यायचा, चमचा समईच्या ज्योतीवर धरायचा आणि सोसेल इतकं कोमट झालं की थेंब थेंब भेगेत सोडायचं. भेगेत ते शिरताना जरासं झोंबतं आणि मग थिजतं. सकाळी भेग बुजलेली वाटायची.

लग्न होऊन १९८६ साली सत्तरीत आले तेव्हा भिरंडेल घरी करतात हे पहिल्यांदा पाहिलं. आमच्या कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या कडेला भिरंडीची पाच झाडं आहेत. त्यातली दोन कधीच धरत नाहीत. मला वाटायचं, म्हातारी झाली असतील. सासूबाई म्हणाल्या, ते दादले, म्हणजे नर. भिरंडीत नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बी रुजवून वाढवलेलं झाड कुठलं निघेल ते फुलेपर्यंत कळत नाही. मामंजींनी ते दोन्ही दादले तोडायचे नाहीत असं बजावून ठेवलं होतं. त्यांची फुलं नसती तर बाकीच्या तिघींनाही फळ धरलं नसतं.

फळं एप्रिलअखेरीपासून पिकायला लागतात. मे महिनाभर घरातल्या सगळ्यांची बोटं लाल. साल वेगळी करून उन्हात टाकायची, रसाचे हात देत देत पुन्हा सुकवायची, ते सोलांचं काम वेगळं. बिया राहतात त्या बुळबुळीत, गराने माखलेल्या. त्यांना चुलीतली राख चोळायची म्हणजे गर सुटतो, मग धुवायच्या आणि खळ्यात पसरायच्या. आठेक दिवसांनी मूठभर बिया हातात घेऊन कानाशी हलवल्या की खुळखुळ वाजतात. वाजल्या की पोत्यात भरून चुलीवरच्या माळ्यावर. पुढचं काम पावसाचं, आषाढातलं, जेव्हा बाहेर पाऊल टाकवत नाही.

माझ्या पहिल्या आषाढात सासूबाईंनी मला व्हायनापाशी, म्हणजे दगडी उखळापाशी बसवलं. मुसळ जोरात घालायचं नाही. टरफल फुटलं पाहिजे, पण आतला गर टरफलात मिसळून भुगा होता कामा नये. मग सुपात पाखडून टरफलं उडवायची. उरलेला पांढरा गर रगड्यावर कोमट पाण्याचा हात देत लोण्यासारखा वाटायचा. हे वाटण मोठ्या टोपात दुप्पट-तिप्पट पाण्यात शिजत ठेवायचं. सुरुवातीला ढवळायचं, तेलाचे डोळे वर दिसायला लागले की ढवळणं बंद. त्यानंतर फक्त विस्तव सांभाळायचा. तीन-चार तासांनी टोप उतरवून रात्रभर तसाच सोडायचा. सकाळी झाकण काढलं तर वर पांढरीफेक जाड चकती तरंगत असते. बोटाने दाबली तर दबत नाही.

ती चकती म्हणजे भिरंडेल झालं असं मला वाटलं होतं. सासूबाईंनी ती तोडून पुन्हा कढईत टाकली. मंद विस्तवावर ती वितळली आणि तडतडायला लागली. त्या चुलीशी उकिडव्या बसून कान देऊन ऐकत होत्या. तडतड म्हणजे आत पाणी आहे. पाणी राहिलं की पावसाच्या दमटपणात गोळ्याला बुरशी येते, वास लागतो. हळूहळू तडतड विरळ झाली, मग एखादाच आवाज, मग काहीच नाही. तेव्हा त्यांनी कढई उतरवली आणि मलमलीच्या फडक्यातून गाळलं. घट्ट व्हायला लागल्यावर मुठीत घेऊन वळलं. प्रत्येक गोळ्यावर त्यांच्या चार बोटांच्या खाचा उमटलेल्या. मुठेल हे नाव त्या दिवशी मला डोळ्यांनी कळलं. उरलेला चोथा माडाच्या आळ्यात गेला.

गेल्या वर्षी मी पाच किलो सुक्या बिया घेतल्या आणि हाताला लागलं ते नऊशे ग्रॅम. घरच्या पद्धतीत इतकंच मिळतं. एवढ्या खटाटोपाला एवढंसंच, असं माझी मुलगी म्हणते. पण नऊशे ग्रॅम भिरंडेल घरात असणं म्हणजे काय, हे ज्याच्या टाचा शेतात फुटतात त्याला विचारावं.

आता माझा व्यवसाय सांगायला हवा. मी सरकारी आरोग्य खात्यात नर्स होते. तालुक्या-तालुक्यात बदल्या घेत ३० वर्षांहून जास्त नोकरी केली आणि २०१८ साली निवृत्त झाले. ड्रेसिंग किती केली असतील याची गणती नाही. म्हणून भिरंडेलाकडे मी सून म्हणूनही बघते आणि नर्स म्हणूनही, आणि दोन्ही बाजूंनी मला त्याच्याबद्दल आदर आहे.

आम्ही शिकत होतो तेव्हा बायका सांगायच्या, जखम उघडी ठेवा, वारा लागू दे, खपली धरू दे. खरं तर जॉर्ज विंटर यांनी १९६२ सालीच डुकरांच्या कातडीवरच्या जखमांवर प्रयोग करून दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेली जखम वाळवलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. कोरड्या खपलीखालून नव्या पेशींना वाट काढत जावं लागतं, ओलाव्यात त्या सरळ सरकतात. हे वाचलं तेव्हा मला सासूबाई आठवल्या. मुलांचा गुडघा सोलवटला की त्या साबणाने धुवायच्या, पाणी टिपायच्या, भिरंडेलाचा पातळ हात फिरवायच्या आणि वर जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं बांधायच्या. भिरंडेलात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं, त्यामुळे त्याचा थर कातडीवर टिकतो आणि आतला ओलावा उडू देत नाही. मोठी करामत काही नाही. कातडी आपली आपणच भरून येते, हे तिच्यावर पांघरूण घालतं.

सासूबाई नुसता गोळा वापरायच्या. मलम मी करायला लागले, कारण गोळा सोलवटलेल्या जागी चोळला की ओढ बसते, मूल रडतं. माझं प्रमाण असं: दोनशे ग्रॅम भिरंडेल, दीडशे ग्रॅम घाण्याचं खोबरेल, तीस ग्रॅम मधमाश्यांचं मेण. उकळत्या पाण्याच्या टोपात दुसरं भांडं ठेवून आधी मेण वितळवायचं, कारण त्याला सर्वांत जास्त उष्णता लागते. मग भिरंडेल, शेवटी खोबरेल. उतरवल्यावर भांडं थंड पाण्यात धरून सतत ढवळायचं. आपसूक निवू दिलं तर भिरंडेलाचे दाणे धरतात, मलम रवाळ होतं आणि जखमेवर खरखरतं. पहिली दोन वर्षं मी ते सासूबाईंच्या पितळी डब्यात भरत होते. काठाला हिरवट कड यायची, तेव्हापासून काचेची बरणी.

त्यांच्या हातची एक गोष्ट मी बदलली. त्या लावताना चिमूटभर हळद घालायच्या. हळदीबद्दल माझी तक्रार नाही, पण तिने सगळी कातडी पिवळी दिसते, आणि जखमेच्या भोवती लाली चढते आहे का, ती काल होती त्याहून पसरली का, हे मला दिसलं पाहिजे. त्यांना हे पटायला वेळ लागला. पटलं ते ज्या कारणाने, ते पुढे येतंच.

या मलमाला आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी काजूच्या दिवसांत. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळे बिबे, म्हणजे काजूच्या ओल्या बिया, फोडून बाजारात विकणाऱ्या बायका आहेत आमच्या वाड्यावर. काजूच्या टरफलातल्या तेलाने कातडी अक्षरशः जळते. आधी झोंबतं, मग काळं पडतं, मग आठवड्याने त्या जागची कातडी सालीसारखी सोलून येते. ज्या बायका आदोळीवर, म्हणजे विळीवर बसण्याआधी हाताला तेलाचा जाड हात घेतात, त्यांना त्रास कमी होतो. खोबरेल घामाबरोबर ओघळतं, भिरंडेल टिकतं. पण ते मनगटापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या मुळाशी लावावं लागतं. घाईत नुसते तळवे चोळून बसलं की संध्याकाळी बेचक्या सुजतात. आणि तो हात नकळत डोळ्याला किंवा चेहऱ्याला लागला तर दुसऱ्या दिवशी डोळा उघडत नाही. आमच्या शेजारची एक मावशी हंगामभर डोक्याचा पदर सारखा करायलासुद्धा कोपराचा वापर करते.

गाईचे सड फुटतात तेव्हाही हेच. धार काढण्याआधी मात्र पुसून घ्यायचं.

आता आरसा.

२००४ सालची गोष्ट. मामंजींना मधुमेह बारा-तेरा वर्षं होता. गोळ्या चालू होत्या, पथ्य मोडत होतं, आणि कुळागरात ते अनवाणीच जायचे. चपलेने पाट कळत नाही म्हणायचे, पाणी कुठे मुरतं ते तळव्याला समजतं. त्या पावसाळ्यात कधीतरी त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या खाली माडाच्या हिराचं टोक घुसलं. कधी घुसलं ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही, कारण दुखलंच नाही. इतक्या वर्षांच्या साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या.

सासूबाईंना एवढंच दिसलं की अंगठ्याशी भेग पडली आहे. त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. रोज रात्री पाय मांडीवर घेऊन, चमचा ज्योतीवर धरून, भेगेत भिरंडेल सोडलं. भेग वरून बुजली. आत हिराचा तुकडा होता, आत पू होत होता, आणि वरून कातडी छान मऊ, हळदीने पिवळी. लाली कुणाला दिसणार?

मी तेव्हा दुसऱ्या तालुक्यात होते, शनिवारी घरी यायची. दोन शनिवार मी उंबऱ्यातून विचारलं, कसे आहात? ते म्हणाले, बरा आहे. दोन्ही वेळा मी त्यांचा पाय हातात घेतला नाही. रोज दहा लोकांचे पाय तपासणारी मी, घरच्या माणसाचा तळवा उलटा करून बघितला नाही. तिसऱ्या शनिवारी पडवीत शिरतानाच वास आला. तो वास नर्सला सांगावा लागत नाही. त्याच रात्री बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी पाय वाचवला, अंगठा गेला.

सासूबाई तिथे वॉर्डच्या बाहेर बाकावर बसून होत्या. मला म्हणाल्या, "म्हज्या हातान केलें गे हें." मी त्यांना सांगितलं की चूक भिरंडेलाची नाही आणि तुमचीही नाही. हीर आत होता, साखर वाढलेली होती, मी पाहायला हवं होतं. त्यांनी मान हलवली, पण घरी परतल्यावर रगड्यावर पोतं टाकून तो भिंतीला सरकवला. त्या वर्षीच्या बिया पोत्यासकट व्यापाऱ्याला दिल्या. पुढच्या वर्षीच्याही. पितळी डबा घासून त्यात मोहरी भरली. दोन आषाढ आमच्या घरात भिरंडेल झालं नाही. त्या दोन्ही हिवाळ्यांत त्यांच्या स्वतःच्या टाचा फुटल्या, तरी त्यांनी काही लावलं नाही.

आरसा मी त्याच महिन्यात आणला, म्हापशाच्या बाजारातून, प्लास्टिकच्या निळ्या कडेचा. रात्री जेवण झालं की मामंजींनी पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करायचे आणि आरसा जमिनीवर ठेवून त्यात तळवा बघायचा. म्हाताऱ्या माणसाला वाकून तळवा दिसत नाही, आरशात दिसतो. आठ दिवस त्यांनी कुरकुर केली. मग सवय लागली. पुढे पुढे ते मला बोलावून दाखवायचे, हा ठिपका काल नव्हता. महिन्यातून एकदा मी आरोग्य केंद्रात वापरतो तसा दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा त्यांच्या तळव्याला टेकवून बघायची. डोळे मिटून त्यांनी सांगायचं, कुठे लागलं. अंगठ्याच्या जागी आणि टाचेला कधीच कळायचं नाही. घरात चप्पल आली, कुळागरात बूट आले. पाट आता तळव्याला समजत नाही याचं त्यांना वाईट वाटायचं, तेवढं मला बदलता आलं नाही. त्यानंतर नऊ वर्षं जगले. पायाला पुन्हा जखम झाली ती दोनदा, दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी आरशात सापडली.

भिरंडेल परत सुरू झालं २००६ च्या मे महिन्यात. शेजारचा दहा वर्षांचा मुलगा परसात डब्याच्या पत्र्यावर काजू भाजत होता. भाजताना टरफलातलं तेल पेटतं आणि फुटून उडतं. त्याच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत शिंतोडे उडाले. त्याची आजी घाईघाईने टूथपेस्ट घेऊन आली होती. मी तो हात नळाखाली धरला आणि घड्याळ लावून वीस मिनिटं धरून ठेवला. पोरगं ओरडत होतं, आजी मला बोल लावत होती. भाजल्यावर पहिलं औषध वाहतं पाणी. टूथपेस्ट नको, तूप नको, भिरंडेलही नको. चरबीने उष्णता आत कोंडते. मग साबणाने हलकं धुतलं, स्वच्छ कापड घातलं, आणि डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ड्रेसिंग केलं आणि फोड फोडू नका म्हणून बजावलं.

दहाव्या दिवशी फोड बसले होते. नवी गुलाबी कातडी आली होती, पण ती ताणत होती, कोपर सरळ केला की पोराच्या तोंडून हाय निघायचं. मी त्याचा हात पडवीत उजेडात बघत होते. सासूबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांच्या हातात भिरंडेलाचा गोळा होता. दोन वर्षं त्यांनी तो धान्याच्या कणगीमागे जपून ठेवला होता, हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी तो वासाला धरला, मला वास घ्यायला लावला. खवट नव्हता. मग त्या पोराजवळ बसल्या, चष्मा लावला, हात उजेडात फिरवून कोपरापासून मनगटापर्यंत पाहिला. कुठे पू आहे का, कुठे ओलं आहे का, दाबल्यावर कुठे कळ येते का, एकेक विचारलं. आणि मला म्हणाल्या, "आतां लायूं?"

मी हो म्हटलं. बोटाच्या शेंड्यावर चोळून चोळून, पातळ करून, त्यांनी ते लावलं.

त्या आषाढात रगडा परत बाहेर आला. हळद गेली ती तेव्हापासून. आणि घरात कुणीही गोळ्याला हात घातला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "पयलीं पळय, मागीर लाय." आधी बघ, मग लाव. आरसा मामंजींच्या खोलीतून स्वयंपाकघराच्या कोनाड्यात आला तो त्यांनीच आणून ठेवला. बरणीच्या पुढ्यात आरसा, म्हणजे बरणी काढताना आधी तो हाताला लागणार.

मलम मागायला येणाऱ्यांना मी काय सांगते तेही लिहिते. गंजका खिळा, शेतातली काच, जनावराचं शिंग असं काही लागलं असेल तर धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला जा. कुत्रं चावलं असेल तर साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवा, त्यावर मलम, तेल, हळद, मिरची काहीच घालू नका, आणि तशीच लस घ्यायला जा. लावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांत चिखल्या होतात, त्यांना भिरंडेल नको. तिथे आधीच ओल कोंडलेली असते, बुरशीला आणखी ओल मिळते. चिखल्यांना कोरडं ठेवायचं आणि औषध बुरशीचं. बाळाच्या नाळेला काही लावायचं नाही. खाजणारा गोल चट्टा असेल, कडेने वाढत असेल, तर तो गजकर्ण, त्यालाही हे मलम नाही. मधुमेह असेल आणि पायाला काहीही झालं असेल, तर मलम देण्याआधी मी पाय बघते. नाही दाखवला तर देत नाही. यावरून दोन-तीन माणसं माझ्यावर रुसली आहेत.

रानमोडीचा पाला चुरगाळून रस जखमेवर पिळतात, तोही आमच्याकडचा रोजचा उपाय. रक्त थांबतं, मी पाहिलं आहे. पण रानातला पाला, रानातली माती त्याच्याबरोबर येते. घरी आलात की धुवा, एवढंच मागते.

या सगळ्याला सोडून जे उरतं तेही पुष्कळ आहे. थंडीतल्या टाचा, फुटलेले ओठ, भांडी घासून चिरलेली बोटं, सोलवटलेले गुडघे, म्हाताऱ्यांच्या नडग्यांवरची कोरडी, मासळीच्या खवल्यांसारखी झालेली कातडी. त्या कातडीला आंघोळीनंतर, अंग अजून ओलसर असताना लावायचं. कोरड्या अंगावर लावलं तर कोंडायला आत ओलावाच नसतो. हल्ली दुकानात ओठांच्या छोट्या नळ्यांवर कोकम बटर असं छापलेलं दिसतं, तेव्हा मला फार बरं वाटतं. पोर्तुगिजांच्या जिभेवर आमच्या भिरंडाचं ब्रिंदांव झालं होतं. पणजीच्या ज्या बागेला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे, त्या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या आंबट लाल फळाची नोंद करून ठेवली. इतक्या जुन्या ओळखीचं झाड आहे हे. आणि तरी आमच्या वाड्यावर भिरंडीखाली बिया कुजत पडलेल्या दिसतात, कारण सोलं आणि आगळ विकलं जातं आणि बियांचं काम कुणाला नको असतं. जिथे दिसतात तिथे मी पिशवी घेऊन जाते. मालकांना विचारून.

सासूबाई २०१९ साली गेल्या. शेवटच्या दोन आषाढांत व्हायन माझ्याकडे होतं, पण कढईची तडतड ऐकायला त्यांनाच बसवावं लागायचं. कान मंद झाले होते, तरी तडतड कधी संपली ते त्या माझ्याआधी सांगायच्या. कढईच्या कडेला दोन बोटं टेकवून.

या वर्षी पावसाने घाई केली. शेवटची फळं झाडावरच भिजून फुटली, बिया चारच किलो मिळाल्या आणि त्याही नीट ऊन न लागता माळ्यावर गेल्या. रोज चुलीचा धूर देते आहे. काल मूठ कानाशी धरली, अजून वाजत नाहीत.

कालच शेजारची सून आली होती. तिच्या आईच्या टाचा फुटल्या आहेत, पावसातसुद्धा, थोडं मलम द्याल का विचारायला. तिची आई होंड्याला असते. मी विचारलं, साखर आहे? म्हणाली, आहे, पण गोळ्या चालू आहेत. मी बरणी उघडली नाही. आईला रविवारी घेऊन ये म्हटलं, पाय धुऊन. सकाळीच या, पडवीत तेव्हा उजेड चांगला असतो.